पाटीवरचं शेत

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. दगडाची नव्हे, काचेची. दुकानात मला टॅब्लेट म्हणत. पण सोलापुरात बाळीवेशीतल्या या घरात मी आले त्या दिवशी गिरिजाबाईंनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही तर पाटीच हाय की!" तेव्हापासून मी पाटी. आता मी स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर पालथी पडलेली असते. माझ्या कोपऱ्याला तडा आहे, चार्जिंगच्या भोकात सुकलेली अंबील आहे, आणि मी पुन्हा उजळणार नाही. त्याचं मला दुःख नाही. पण विझण्याआधी माझ्या काचेवर मी जो बाजार पाहिला, त्याची शिसारी अजून गेलेली नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथले पांढरे हातमोजे तेवढे आठवतात, आणि नंतरचं काळोखं खोकं. नव्या पेठेतल्या दुकानातून मला या घरी आणलं. शाळा बंद होत्या ती वर्षं. गिरिजाबाईंची नात राजेश्वरी माझ्यासमोर मांडी घालून बसे. शाळेतल्या बाई माझ्या काचेतून गणित शिकवत आणि राजेश्वरी काचेच्या अलीकडे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी चावत असे. बाई विचारत, "कसला आवाज येतोय?" राजेश्वरी म्हणे, "नेटवर्क मॅडम." मी तिचं गुपित कधी फोडलं नाही.

खंडेनवमीला शिलाई मशीनशेजारी मला पाटावर मांडलं. गिरिजाबाईंनी माझ्या पाठीला हळदकुंकू लावलं. त्यातला कुंकवाचा एक कण माझ्या आवाजाच्या जाळीत अजून अडकलेला आहे. पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा शेजारपाजारचे मला बघायला आले. त्या दिवसांत माझ्यासारखी भाग्यवान मीच.

पुढे राजेश्वरी कॉलेजसाठी पुण्याला गेली. तिला नवा मोबाइल मिळाला आणि मी आजीकडे राहिले. जाण्यापूर्वी तिने माझ्यात एक खेळ घालून दिला. त्याचं नाव 'शिवार'. तोच खेळ तिने दुधनीच्या नागव्वाच्या मोबाइलमध्येही घातला. नागव्वा म्हणजे गिरिजाबाईंची धाकटी बहीण. दुधनी अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. रेल्वेने फार लांब नाही, पण दोघींचे गुडघे दुखरे, स्टेशनचा जिना चढवत नसे. लग्न होऊन वेगळ्या गावी गेल्यापासून दोघी सणावारापुरत्याच भेटल्या होत्या. आता त्या रोज भेटू लागल्या, माझ्या काचेवर, खेळता खेळता व्हिडिओवर बोलत.

मला उघडायला एक खूण लागे. टिंबांवरून बोट फिरवायचं. गिरिजाबाईंनी खूण निवडली ती कपाळावरच्या विभूतीच्या तीन पट्ट्यांची. बोट न उचलता डावीकडून उजवीकडे, मग उलट, मग पुन्हा. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाली की त्याच बोटाने त्या माझ्यावर तीन रेघा ओढत. बोटाला कधी विभूती असे. मित्रांनो, खरं सांगते, त्या वेळी मला देवळाच्या दारासारखं वाटे.

शिवारात प्रत्येकाला एक शेत मिळे. पेरायचं, पाणी घालायचं, काढायचं. पीक विकलं की नाणी मिळत आणि नाण्यांनी ट्रॅक्टर, बंगला, सोन्याच्या शिंगांचे बैल घेता येत. पण दुसरी एक गोष्ट होती, लॉयल्टी पॉइंट, म्हणजे निष्ठेचा गुण. आपल्या शेतात कितीही राबलं तरी तो मिळत नसे. शेजाऱ्याच्या शेतात जाऊन पाणी घातलं, तरच मिळे. गिरिजाबाईंना ही रीत फार आवडली. "लोकाच्या शेताला पानी घालायचं, मगच मान," त्या म्हणत. "हे शिकलेल्या मानसानं केलेलं दिसतंय."

नागव्वाने आपलं शेत साधंसुधं मांडलं नाही. दुधनीजवळ दोघींच्या वडिलांचं, अप्पांचं, शेत होतं. वाटण्या झाल्या, भावांनी विकलं, आता तिथे प्लॉट पडले आहेत आणि सिमेंटचे दगड रोवले आहेत. नागव्वाने तेच शेत माझ्या काचेवर उभं केलं. पूर्वेला विहीर. बांधावर लिंब. मध्ये शाळूची ज्वारी आणि कडेने करडईचे पट्टे, कारण करडई काटेरी, जनावर आत शिरत नाही. एकदा तिने विहीर चुकीच्या कोपऱ्यात ठेवली, तर केवढं भांडण!

"तंगी, तितं कुटली बावी? तितं तर म्हशी बांदायचे अप्पा!" गिरिजाबाई ओरडल्या. त्यांच्यात विहिरीला बावी आणि धाकट्या बहिणीला तंगी म्हणत.

"अक्का, तू म्हशीमागं कवा गेलीस? तू तर आरशात बघत बसायचीस."

"आनि तू बावीत चप्पल टाकलीस, ते सांगू का तुज्या सुनंला?"

मग दोघी इतक्या हसल्या की गिरिजाबाईंना ठसका लागला. विहीर मात्र हलवली.

मार्गशीर्षात वेळ अमावस्या येते. या भागात त्या दिवशी कुणी घरी जेवत नाही. शेतात कडब्याची खोप करायची, आत पाच पांडवांचे दगड मांडायचे, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगापोळी, सगळं रानात न्यायचं. मडक्यातली अंबील डहाळीने उभ्या पिकावर शिंपडायची आणि वाटेने जाईल त्याला हाक मारून जेवू घालायचं. या दोघींना आता शेत नव्हतं. म्हणून पहिल्या वर्षी गिरिजाबाईंनी मला पाटावर ठेवलं, अंबिलीची वाटी घेतली, आणि कडुलिंबाची डहाळी बुडवून माझ्यावर धरली.

पलीकडून नागव्वा किंचाळली, "अगं अक्का, पाटीवर नगं शिंपडू! करंट बसंल!"

"आनि शेतात नगं तर मग कुटं शिंपडू, तुज्या डोस्क्यावर?"

शेवटी बोटाच्या टोकाने एकच थेंब टेकवला आणि पदराने पुसला. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस.

दोन पावसाळे असे गेले. मग एका सकाळी नागव्वा आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिला अर्धांगवायूचा झटका आला होता. दवाखान्यातून घरी आली, पण उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. मोबाइल हातात धरवत नसे.

शिवाराचा एक नियम होता. मालक बरेच दिवस आला नाही तर त्याचं शेत पिवळं पडे, आणि मग पुसलं जाऊन जागा दुसऱ्याला मिळे. नाण्यांनी ते थांबत नसे. दर सोमवारी एखाद्या शेजाऱ्याने आपले लॉयल्टी पॉइंट खर्च केले तरच शेत हिरवं राही. गिरिजाबाईंकडे रोजच्या पाण्याचे पॉइंट साठले होते. त्या दर सोमवारी 'राखा' असं लिहिलेलं बटण दाबत. मग व्हिडिओ लावून नागव्वाला तिचं शेत दाखवत. पलीकडे सून मोबाइल धरून उभी राही. नागव्वा बघत राही, आणि तिच्या गळ्यातून आवाज येई, "अक्... अक्..." बोलण्यातलं तेवढंच उरलं होतं. गिरिजाबाईंनी तिला सांगितलं, "येळ अमावस्येला मी सवता येते पाटी घिऊन. तुज्या हातानं शिंपडायचं. तवर राखते मी." नागव्वाने मान हलवली.

आता पंचाक्षरीबद्दल सांगते. हा गिरिजाबाईंचा मुलगा, राजेश्वरीचे वडील, टॉवेलचा एजंट. आधी तो आईला हसायचा. मग स्वतःच शिवारात शिरला. त्याने कुणाच्या शेताला कधी पाणी घातलं नाही, पण त्याच्या शेतात बंगला होता, ट्रॅक्टर होते, सोन्याच्या शिंगांचे बैल होते. एकच नव्हतं. खेळातल्या गावात सर्वांत जास्त लॉयल्टी असलेल्याच्या शेतासमोर कमान उभी राही. त्यावर 'सर्वांत निष्ठावान' असं झळके, आणि सगळ्यांच्या काचेवर ढोल वाजे. पंचाक्षरीला ती कमान हवी होती.

आणि ती मिळवायची वाट त्याला ठाऊक होती. लॉयल्टी पॉइंट दुसऱ्याला भेट देता येत. खेळ करणाऱ्यांनी ते प्रेमापोटी ठेवलं असेल, पण त्या फटीतून बाजार आत आला. एकाने लॉयल्टी 'भेट' द्यायची, दुसऱ्याने नाणी 'भेट' द्यायची. खेळातल्या गप्पांच्या जागेला चावडी म्हणत. पूर्वी तिथे लोक पाऊसपाण्याचं विचारत. आता तिथे ओरड चाले. "लॉयल्टी देणे आहे, भाव बोला." "होलसेलमध्ये घेणार, चिल्लरवाल्यांनी लांब राहा." "एकदम ओरिजनल निष्ठा, कमी भावात." मित्रांनो, हे सगळं माझ्या अंगावर लिहिलं जाई. शिळ्या तेलाचा हात कुणी तोंडावरून फिरवावा तसं मला होई. ज्याने कधी कुणाच्या बांधावर पाय ठेवला नाही, तो दुसऱ्याची निष्ठा पिशवीत भरून घरी नेई. आणि लोक त्याला अभिनंदन म्हणत!

अमावस्येला आठच दिवस राहिले होते. रविवारी गिरिजाबाई सिद्धेश्वराच्या देवळात गेल्या होत्या. पंचाक्षरी आत आला. त्याने मला उचललं, पँटला अंगठा पुसला आणि माझ्यावर तीन रेघा ओढल्या. आईच्याच. घरात ती खूण सगळ्यांना ठाऊक होती, लपवायला कुणाला सुचलंच नव्हतं. तो अंगठा गुटख्याने लाल होता. जिथे विभूती लागायची तिथे तो ओघळ लागला.

त्याने आईच्या नावाने सगळे पॉइंट स्वतःला भेट दिले. खेळ विचारतो, "ही भेट मनापासून देत आहात का?" खाली बटण असतं, "हो, मनापासून." त्याने ते दाबलं. दाबताना तो शीळ घालत होता. मग आपल्या मोबाइलवरून आईच्या खात्यात ढीगभर नाणी टाकली, मला पुसलं आणि जागेवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. पूजा झाली. गिरिजाबाईंनी तीन रेघा ओढल्या आणि 'राखा' दाबलं. मी लिहिलं, "पुरेशी लॉयल्टी नाही." त्यांनी पुन्हा दाबलं. चष्मा पुसून पुन्हा. तेवढ्यात ढोल वाजला आणि कमान उगवली. पंचाक्षरीचं नाव होतं. त्याच क्षणी नागव्वाची ज्वारी कडेकडेने पिवळी पडू लागली. पुढच्या सोमवारी, अमावस्येच्याच सकाळी, ती पुसली जाणार होती.

"पंचाक्षरी, हितं ये," त्या म्हणाल्या. "माजं पॉइंट कुटं हायत?"

"फुकट न्हाय घेतलं अव्वा. नाणी बघ की तुज्या खात्यात! आख्ख्या गावात एवढी कुणाकडं न्हाईत."

"मी इकायला काढलंतं का?"

"पडून होतं की."

"पडून न्हवतं रे. राखून ठिवलंतं."

तो म्हणाला, "परत यीत न्हाय आता. कमान उभारली की संपतंय ते. आनि मावशीला काय कळतंय अव्वा? जुना फोटो काढून ठिवलाय मी शेताचा. तोच धर तिच्यापुढं. तिला काय, हिरवं दिसल्याशी मतलब."

माझ्या काचेला घाम फुटत नाही, नाहीतर त्या दिवशी फुटला असता. चोरीपेक्षा मला त्या फोटोची जास्त किळस आली.

दोन दिवस गिरिजाबाई रोजच्यासारखं शेजाऱ्यांच्या शेतांना पाणी घालत राहिल्या, पण त्या पाण्याने आठवड्याभरात काय साठणार? बुधवारी त्या चावडीवर गेल्या. त्यांना लिहिता येई, पण बारीक अक्षरं दिसत नसत, म्हणून त्या बोलत आणि मी लिहीत असे. "माज्या बहिनीचं शेत राखायचं हाय. कुणी लॉयल्टी देतंय का? सगळी नाणी घ्या."

बाजार धावून आला. एकजण म्हणाला, "क्या भाव देते खाला?" दुसरा म्हणाला, "आज्जी, नाणी आधी, माल मागनं." तिसऱ्याने नुसते हसरे चेहरे टाकले. मग एकाने, ज्याने आपलं नाव 'किंग' ठेवलं होतं, लागतील तेवढे सगळे पॉइंट देऊ केले.

"माल खात्रीचा हाय आज्जी," त्याने लिहिलं. "माज्या आज्याचा हाय. म्हातारं दिसभर लोकांच्या शेतात पानी घालत बसतंय. लई साठवलंय."

माझ्यावर सौद्याचं बटण आलं. गिरिजाबाईंचं बोट त्यावर आलं. मला वाटलं, दाबा. एकदाच दाबा, शेत वाचेल. नागव्वा बघेल.

पण त्यांनी बोट उचललं आणि विचारलं, "आज्याला इचारलंस का?"

"इचारायचं काय त्यात? त्याला काय कळतंय?"

गिरिजाबाईंनी मला मांडीवर ठेवलं. मग म्हणाल्या आणि मी लिहिलं, "तुजा आजा कुनाचं तरी शेत राखायलाय. कुनाचं ते इचारून ये आदी. मग बोल."

पलीकडून हसरा चेहरा आला. त्यांनी चावडी बंद केली. पुन्हा कधी उघडली नाही.

अमावस्येच्या सकाळी गिरिजाबाईंनी अंबिलीचं मडकं आणि भज्जीचा डबा भरला, मला पिशवीत घातलं. पंचाक्षरीच गाडी चालवत होता. वाटेत त्याने एकदा विचारलं, "फोटो लावू का अव्वा?" त्या म्हणाल्या, "तू रस्ता बघ."

दुधनीला अंगणात बाजेवर नागव्वा बसवली होती. नवं लुगडं नेसवलं होतं, कपाळाला विभूती. गिरिजाबाई तिच्याशेजारी बसल्या, मला दोघींच्या मांडीवर ठेवलं आणि तीन रेघा ओढल्या.

शेताच्या जागी करडा चौकोन होता. त्यावर लिहिलं होतं, "ही जागा रिकामी आहे. घ्यायची का?" शेजारी पंचाक्षरीची कमान झगमगत होती. सर्वांत निष्ठावान.

"तंगी," गिरिजाबाई म्हणाल्या, "न्हाय राखता आलं मला. गेलं बग."

पंचाक्षरी भिंतीकडे बघू लागला. नागव्वाने डावा हात उचलला. तिचं बोट माझ्या काचेवर आलं, रिकाम्या चौकोनात, पूर्वेच्या कोपऱ्यात.

"बा... बावी," ती म्हणाली.

झटका आल्यापासून 'अक्का'शिवाय तिने काढलेला तो पहिला शब्द. बोट पुढे सरकलं, बांधावर. मग कडेकडेने, करडईच्या पट्ट्यांवरून. काहीच नव्हतं तिथे, पण तिचं बोट कुठेही चुकलं नाही. गिरिजाबाई प्रत्येक ठिकाणी म्हणत, "व्हय. लिंब. व्हय, हितंच. म्हशी तिकडं."

मग त्यांनी डहाळी मडक्यात बुडवली, नागव्वाच्या डाव्या हातात दिली, वरून आपला हात धरला, आणि दोघींनी शिंपडली. एक थेंब टेकवून पुसला नाही. खरोखर शिंपडली, उभ्या पिकावर शिंपडतात तशी, भरभरून. अंबील माझ्या काचेवर पसरली. कमान दिसेनाशी झाली. तड्यातून, जाळीतून, भोकातून ती आत उतरली.

"अव्वा, अगं पानी गेलं की आत!" पंचाक्षरी खांद्यावरचा टॉवेल घेऊन धावला.

"पुसू नगंस," त्या म्हणाल्या. "शेतात पानी जायचंच असतंय. तुला कसं ठावं असंल?"

तो टॉवेल हातात धरून तसाच उभा राहिला. माझा उजेड एकदा थरथरला आणि गेला. मित्रांनो, आत सगळं जळत होतं, तरी त्या बाजाराचा चिकटा अंगावर बसल्यापासून मला पहिल्यांदाच धुतल्यासारखं वाटलं. उजेड जाताना मी ऐकलं ते नागव्वाचं हसणं. वाकडं, अर्धं, पण तिचंच.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी पाटी असेल. तुमची आजी, आजोबा, शेजारची काकू तिच्यावर काही तरी जपत असतील. तुम्हाला ते पडून आहे असं वाटेल. उघडायची खूण तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून उघडू नका. आधी विचारा, हे कुणासाठी राखलं आहे? आणि कुणी निष्ठेचा भाव सांगत आला, तर सौदा करू नका, उठून हात धुऊन या.

पंचाक्षरीने आईला नवी पाटी आणून दिली. ती खोक्यातच आहे. माझ्या काचेवर अंबिलीचे पांढरे डाग तसेच आहेत. दर सोमवारी सकाळी पूजा झाली की गिरिजाबाईंचं बोट सवयीने माझ्याकडे येतं, थांबतं, आणि परत जातं. मग त्या पिशवीत डबा घालतात, गुडघ्याला पट्टा बांधतात, आणि स्टेशनचा जिना चढून दुधनीच्या गाडीला जातात.